बांधावरचं फील्डवर्क

२८ जून, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. एम.ए. क्रिमिनल जस्टिस घरबसल्या करता येतं, पण शिस्त घरबसल्या येत नाही. पहिल्या वर्षाचा प्रकल्प बाकी. विषय: ‘ग्रामीण भागातील हिंसाचार – एक प्रत्यक्ष अभ्यास’. गाईड श्रद्धा मॅडम फोनवर म्हणाल्या, पेपरची कात्रणं चालणार नाहीत, डोळ्यांनी पाहिलेली घटना हवी. मुदत ऑगस्टअखेर.

अडचण एकच. कार्ल्याजवळच्या आमच्या वाडीत हिंसाचार नाही.

२८ जून, संध्याकाळ

याच डिग्रीसाठी मी तळेगावची कंपनी सोडली. आप्पा, म्हणजे वडील, जेवताना म्हणाले, “यंदा पास न्हाई झालास तर मुकाट्यानं फर्स्ट शिफ्ट.” मी शांतपणे ताट बाजूला ठेवलं. सारिका म्हणते, आदळलं. धाकट्या बहिणीला बलप्रयोगाच्या व्याख्या कुठून माहीत असणार.

२९ जून

रविवार. हिंसेच्या शोधात हायवेला गेलो. दोन पर्यटकांच्या गाड्या एकमेकींना घासल्या. दोघे तावातावाने उतरले. मी पेन काढलं. दोघांनी सॉरी म्हटलं आणि मिळून कणीस खाल्लं. तरुण पिढीत काही दम राहिलेला नाही.

माझं कणीस माकडाने ओढून नेलं. बोचकारलंही. नोंद घेतली नाही, कारण आरोपी फरार.

५ जुलै

अखेर केस मिळाली! आणि घरातच. माझे चुलते नथूतात्या आणि शेजारचा प्रदीप यांची बांधावरून जुंपली आहे. भाताची लावणी तोंडावर. तात्यांचं खाचर वरच्या अंगाला, प्रदीपचं खाली. प्रदीपने बांध फोडून पाणी आपल्याकडे घेतलं. तात्यांनी बुजवलं. त्याने पुन्हा फोडलं. अजून फक्त शिव्याच चालू आहेत. इतक्या प्राथमिक अवस्थेतली केस मिळायला नशीब लागतं.

भांडण मिटवायला हवं, हे खरं. मिटवणं शेवटच्या प्रकरणात घेतलं आहे.

७ जुलै

मुलाखती. प्रश्न अत्यंत तटस्थ. तात्यांना विचारलं, प्रदीपबद्दल मत काय? तात्या म्हणाले, “त्ये व्हय? आईच्या पदराखालचं प्वार त्ये. त्येचं काय मत घिऊन बसलास!” एकाचं म्हणणं दुसऱ्याकडून पडताळून घ्यावं, असं पुस्तकात आहे. म्हणून प्रदीपकडे जाऊन वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्याची आई सरुबाई चुलीपाशी होती, ती फुंकणी घेऊनच उठली. प्रदीप म्हणाला, “सांग तुज्या चुलत्याला. म्हातारा हाय म्हून हात उचलला न्हाई आजून.” हेही तात्यांना वाचून दाखवलं. ‘म्हातारा’ या शब्दावर कपबशी भिंतीवर फुटली. उत्तम डेटा.

सारिका म्हणाली, “दादा, तू आग लावतोयस.” मी तिला समजावलं की याला ट्रायअँग्युलेशन म्हणतात.

९ जुलै, दुपार

घडलं. अक्षर वाकडं येतंय, उत्साहामुळे.

सकाळी प्रदीप फावडं घेऊन बांधावर आला. तात्या उभेच होते. शब्द नाही, शिवी नाही. तात्यांनी थेट गळा धरला. प्रदीपने डोकं त्यांच्या नाकावर हाणलं. रक्ताची धार शर्टावर. मग दोघं खाचरात. तात्यांनी त्याचं तोंड चिखलात दाबलं आणि सोडेचनात. तो पाय झाडत होता. मग ते झाडणं कमी कमी होत गेलं. तेवढ्यात सरुबाई धावत आली, “मारलं रं माज्या लेकाला!” म्हणत काठीने तात्यांच्या पाठीत सपासप. पकड सुटली. प्रदीप काळाठिक्कर होऊन उठला, फावडं उचललं, दांडा फिरवला. तात्यांचं डोकं फुटलं. आवाज ओलं पोतं आपटल्यासारखा येतो. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

मी आंब्यावर होतो. निरीक्षकाने घटनेत हस्तक्षेप करायचा नसतो. तात्यांनी हाक मारली, “स्वराज, अरं स्वराज!” उत्तर दिलं असतं तर डेटा दूषित झाला असता. शिवाय पाय सुन्न झाल्यामुळे उतरता येत नव्हतं.

११ जुलै

तात्यांच्या डोक्याला टाके. प्रदीपचे पुढचे दात गेले, चिखलाखाली दगड होता. पोलिसांत कोणीच गेलं नाही. दोन्ही घरांचं म्हणणं एकच, आधी लावणी, मग बघू.

श्रद्धा मॅडमना फोन केला. त्यांनी आधी जखमींची चौकशी केली, मग विचारलं, फावडं उचललं तेव्हा कोण कुठे उभं होतं? मला सांगता येईना. त्या क्षणी वाऱ्यामुळे डोळे मिटले होते. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर प्रकल्प होणार नाही.

विचार करून मार्ग काढला. घटनेची पुनर्रचना. मोठमोठे तपास असेच होतात.

१६ जुलै

दोघांना वेगवेगळं भेटलो. प्रत्येकाला सांगितलं की यातून समोरच्याचीच चूक सिद्ध होईल. दोघेही लगेच तयार. माझ्या वाणीत काहीतरी आहे.

१८ जुलै

पुनर्रचना झाली. डाव्या हाताने लिहितो आहे.

लावणी चालू होती. सगळी वाडी गुडघाभर चिखलात रोपं घेऊन उभी. साक्षीदार म्हणून सोयीचं. पुठ्ठ्याचं फावडं वापरणं अशास्त्रीय, म्हणून दोघांच्या हातात मीच खरी फावडी दिली. खरोखर मारायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण चेहऱ्यावर राग येईना. नुसते शेजारी उभे. प्रदीप तर पट्टी बांधलेल्या तात्यांना म्हणाला, “लय दुखतंय का?” प्रयोग वाया चालला होता. म्हणून मी मुलाखतींतली वाक्यं मोठ्याने वाचून काढली आणि ओरडलो, “आता मारा, त्या दिवशीसारखं!”

तात्यांचं फावडं प्रदीपच्या मांडीत बसलं. मांस उघडं पडलं. प्रदीपने पडता पडता तात्यांच्या गुडघ्यावर दांडा घातला. बायका किंचाळल्या. आंब्यापर्यंत पोचायला वेळ नव्हता, म्हणून मी मधे गेलो. दांडा माझ्या मनगटावर. कट्ट असा आवाज.

मग तात्या एकदम थांबले. प्रदीपला म्हणाले, “म्हातारा म्हनला न्हवं तू मला?” प्रदीप म्हणाला, “तुमी प्वार म्हनला ते? ह्येनं येऊन सांगितलं.” तात्या म्हणाले, “मलाबी ह्येनंच.”

दोघे माझ्याकडे वळले. पंधरवड्यात प्रथमच दोघांचं एकमत. एकाने पाय धरले, एकाने मानगूट. चिखलाची चव लोखंडासारखी असते. सरुबाईची काठी मी मोजली नाही.

समेट झाला, हे महत्त्वाचं. शेवटचं प्रकरण आपोआप झालं.

२१ जुलै

हाताला प्लॅस्टर. पोलीस पाटलांनी कळवल्यामुळे हवालदारसाहेब आले. मला वाटलं, सल्ल्यासाठी. मी खुर्ची दिली, अहवालाचा सारांश सांगू लागलो. त्यांनी वाडीला विचारलं. वाडी एका सुरात म्हणाली, “फावडी ह्येनंच वाटली, सायेब.” मी म्हटलं, मी क्रिमिनल जस्टिसचा विद्यार्थी आहे. ते म्हणाले, “हो, ऐकलंय.”

४ ऑगस्ट

वडगावला तहसील कचेरीत बोलावलं होतं. तात्या-प्रदीपनी आपसात मिटवलं असल्यामुळे शांततेला धोका फक्त माझ्यापासून आहे. वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा बाँड. बाहेरून मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हा प्रकल्प विभाग स्वीकारणार नाही, आणि बाँड संपेपर्यंत दुसरा करता येणार नाही. आप्पांनी कंपनीत आधीच बोलून ठेवलं आहे. प्लॅस्टर निघालं की फर्स्ट शिफ्ट.

बाँडला दोन जामीन लागतात. माझ्यासाठी कोण येणार? तात्या आले. लंगडत. त्यांच्या खांद्याला धरून प्रदीप, तोही लंगडत.

कारकुनाने विचारलं, हा पुन्हा कोणावर हात उचलणार नाही याची खात्री काय? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रदीप म्हणाला, “सायेब, ह्येच्यात त्येवढा दमच न्हाई.” तात्या म्हणाले, “ल्हानपनापास्नं भित्रं हाय. आमी लिहून देतो.”

कारकुनाने लिहून घेतलं. ‘सदर इसम स्वभावाने भित्रा असून त्याच्याकडून कोणास इजा होण्याचा संभव नाही.’ खाली दोघांच्या सह्या. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

मी दोनदा वाचला. हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. सही केली.