शिंपीकाकांच्या दुकानातलं भूत

चि. चिमणे, आशीर्वाद आणि एक टपली.

मी मजेत आहे. आईला सांग, खोली उबदार आहे, जेवण अंगी लागतंय. तिचा गुडघा कसा आहे?

आमच्या शिलाई कारखान्यात तिसऱ्या मजल्यावर भूत आहे म्हणे. बाकीचे हसले, मला मात्र आपल्या गल्लीतलं शिंपीकाकांचं बंद दुकान आठवलं. काका गेल्यावर दुपारी त्यांचं मशीन आपोआप चालायचं आणि तू कानात बोटं घालून पळायचीस.

चिमणे, ते भूत मी होतो. बाबा शिवणकाम शिकू देईनात, म्हणून मागच्या खिडकीतून आत शिरायचो.

काकू जेवणं उरकली की त्याच खिडकीत पाण्याचा तांब्या ठेवायच्या, “दमले असतील” म्हणून. मला तहान लागायची, मी पिऊन टाकायचो. रिकामा तांब्या बघून त्यांची खात्रीच पटली. मुलगा न्यायला आला तर म्हणाल्या, “यांना एकटं टाकून कशी येऊ?” तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

मी इकडे आल्यापासून मशीन मुकं आहे आणि काकू “माझं काय चुकलं?” विचारतात, असं तू लिहिलंस. तेव्हापासून ते पत्र खिशात घेऊन फिरतोय.

आता खरं सांगायला मला तोंड नाही. खिडकीची कडी मोडकीच आहे. एखाद्या दुपारी जाऊन थोडं पायडल मार आणि तांब्या रिकामा कर.

घाबरू नकोस. आत आता कुणीच नाही.

तुझा,
दादा