कव्हरवरची तुमची तारीख

प्रिय अण्णा,

निकाल लागला! फ्राऊ केलर यांनी आज सकाळी स्वतः फोन करून सांगितलं: वाघावर बसलेल्या राणीच्या कॉमिकच्या पहिल्या अंकाला दहापैकी साडेआठ. आणि कव्हरच्या कोपऱ्यात तुम्ही पेन्सिलीनं घातलेली तारीख? तिच्यापायी काहीही कापलेलं नाही.

म्हणून लगेच लिहायला बसले. सातारच्या एसटी स्टँडवर तुम्ही आयुष्यभर स्टॉल चालवलात, सगळ्या गावाच्या आधी पेपर उघडलात. ही बातमी तुम्हाला शिळी कशी द्यायची?

फ्राऊ केलर म्हणजे कोण, हे आधी सांगते. जुन्या कॉमिकची अवस्था तपासून त्याला गुण द्यायचे आणि मग तो अंक पारदर्शक पेटीत बंद करून वर गुणांची चिठ्ठी लावायची, हा त्यांचा धंदा. हो, इथे जर्मनीत माणसं यावरही पोट भरतात! तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, "मग आम्ही काय फुकट तपासत होतो?"

तुम्ही गेल्यावर घर आवरलं तेव्हा ती पत्र्याची ट्रंक निघाली. प्रत्येक अंकाची एक प्रत तुम्ही श्रीरंगसाठी बाजूला ठेवत होतात. आधी हात धुवायचे, मगच वाचायचं. पान दुमडलं तर पुढचा अंक नाही. नवरा म्हणून श्रीरंग जो काही शिस्तीचा आहे, तो त्या ट्रंकेमुळेच!

ट्रंक झिंडेलफिंगेनला आणली आणि श्रीरंगनं हौसेनं दोन अंक इथल्या बाजारातल्या एका कॉमिकविक्रेत्याला दाखवले. त्यानं कोपऱ्यातले आकडे पाहून तोंड वाकडं केलं. "शाडं," म्हणाला, म्हणजे अरेरे. कव्हरवर लिहिलेलं असलं की अंक खालच्या रांगेत जातो म्हणे.

श्रीरंग घरी आला तो नवा कोरा खोडरबर घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंक मांडले.

"अगं, पेन्सिलच आहे," तो म्हणाला. "हलक्या हातानं खोडलं की झालं. अण्णांचा मुलगा आहे मी, कारखान्यात नाजूक कामं करतो, एवढं जमेल मला."

"आणि अण्णांचं अक्षर?"

"मेधा, ते काय पत्र आहे का? माल कधी आला ते कळावं म्हणून टाकलेली तारीख ती. न खपलेले अंक परत पाठवताना लागायची, बस."

त्याचं खरंच होतं. पण मला तुमची लिहायची रीत आठवली. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून, फोटोच्या फ्रेमची जुनी काच पुढ्यात घेऊन, तिच्यावर अंक ठेवून लिहायचात, ते मी पेपरात बातमीदार होते आणि नव्यानं घरात आले तेव्हा पाहिलं होतं. मी विचारलं तर म्हणालात, "पेपरवाल्या बाई, खाली मऊ असलं की कागदावर वळ उठतो. तारीख दिसली पाहिजे, टोचली नाही पाहिजे." कोणासाठी एवढी काळजी घेत होतात हो? राणीच्या गोष्टी वाचून टाकून देणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी?

खोडरबर कव्हरला टेकणार तेवढ्यात तुमची नात खुर्चीतून उठली. इरा. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये.

"नाइन, पापा! दास इस्ट डोख आजोबा!"

म्हणजे, हे तर आजोबाच आहेत. अण्णा, ही पोरगी मराठी आकडे त्या कव्हरांवरून शिकली. मी पाटी आणली, तक्ते आणले, काही उपयोग झाला नव्हता. श्रीरंगनं खोडरबर खाली ठेवला. मी म्हटलं, आधी जाणत्या माणसाला विचारू, मग काय ते खोड.

फ्राऊ केलरनी अंक तिरप्या दिव्याखाली धरला, उलटला, कव्हरची आतली बाजू पाहिली. मग म्हणाल्या, लिहिणं लिहिण्यात फरक असतो. मुलानं नायिकेच्या तोंडावर बॉलपेननं नाव गिरवलं, तर गुण जाणारच. पण विक्रेत्यानं कडेला, पेन्सिलीनं, वळ न उठवता घातलेली तारीख म्हणजे अंकाचा जन्मदाखला! त्याची फक्त नोंद होते. आणि खोडलं असतं तर? छपाईची चकाकी जाते, कागद पिंजतो, दिव्याखाली लगेच दिसतं. गुण तेव्हा गेले असते.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं इरा म्हणाली, आणि तिनं बापाकडे असं काही पाहिलं! श्रीरंग बिचारा खिशातला खोडरबर आणखी आत ढकलत होता.

एका बाबतीत मात्र तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत. दिवाळी अंकाच्या कव्हरवर तो लाल ठिपका! फ्राऊ केलरनी भिंग लावलं. "पिनेचा गंज?" मी सांगितलं, नाही हो, कुंकू. लक्ष्मीपूजनाला नव्या मालाची पूजा झाली तेव्हाचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हसल्या, आणि शांतपणे डाग म्हणून गुण कापले. अण्णा, पेन्सिलीला एवढं जपलंत, आणि देवाच्या नावानं थेट राणीच्या कपाळावर बोट टेकवलंत? श्रीरंग म्हणतो, तो अंक सगळ्यात कमी गुणांचा आणि सगळ्यात जास्त अण्णांचा.

खरी मोठी बातमी शेवटी ठेवली आहे. पेपरातले माझे संपादक असते तर यासाठी ओरडा खाल्ला असता. सगळ्या अंकांवर एकच अक्षर, एकच कोपरा, एकच हलका हात. त्यामुळे हे सगळे एकाच ठिकाणचे, याची वेगळी खात्री करावी लागली नाही. प्रत्येक पेटीच्या चिठ्ठीवर मूळ ठिकाण छापलं जाणार आहे: अण्णांचा स्टॉल, सातारा. स्टँडवरची तुमची पाटी रस्ता रुंदीकरणात गेली, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात ना? घ्या. ही पाटी कोणी काढू शकत नाही!

सगळे अंक पुढच्या महिन्यातल्या कॉमिकच्या जत्रेपूर्वी परत येतील, असं फ्राऊ केलर म्हणाल्या. तिथे त्यांनी आपल्याला एक अख्खं टेबल मिळवून दिलं आहे. कोपऱ्यातले आकडे लोकांना वाचून दाखवायला इरा उभी राहणार. आत्तापासून पाठ चालू आहे. टेबलावर ठेवायची पाटीही तिनं स्वतः लिहिली आहे: आधी हात धुवा.

"अगं, अंक आता बंद पेटीत असणार," मी म्हटलं.

"एगाल," ती म्हणाली. असू देत. आणि पुढे चक्क मराठीत, "आजोबांचा नियम आहे."

वचन देते अण्णा, या अंकांची ताटातूट होणार नाही, कुंकवाचा अंक टेबलावर मधोमध असेल, आणि श्रीरंग सगळ्यांच्या आधी हात धुऊन येईल.

तुमची पेपरवाली सून,
मेधा