तिथंच बसा, तात्या

खारघर,
रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल असं लिहिणार होते, पण नाही हे दाजींकडून कळलंय, त्यामुळे ते वाक्य सोडते. तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही. म्हणून कागदावर लिहितेय. दाजींचा टेम्पो उद्या तळोज्याला येणार आहे, विश्वजित त्याच्या कंपनीच्या गेटवर हे त्यांच्या हातात देईल. फाडू नकोस. आज वाचावंसं वाटलं नाही तर ठेवून दे.

इकडे सगळे ठीक. अस्मिता साडेचार किलोची झाली. मान धरायला लागलीय. पंख्याकडे बघून हसते, पंख्याचं आणि तिचं काय गुपित आहे ते आम्हा दोघांना कळत नाही. परवा डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आता छान आहे." मी पाच मिनिटं तिथल्या बाकावरच बसून राहिले. विश्वजित अजून कामावरून आला की आधी आंघोळ, मग पोरगी. मी अजून कुठे जात नाही. भाजी ऑनलाइन, दूध दारात. शेजारच्या काकू म्हणतात, "तुझं लॉकडाऊन काही संपत नाही गं."

ताई, तात्यांच्या दहाव्याला जे झालं ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

केशरबाई आत्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाली, "धाकटीचं ऐकलं आस्तं तर शहाजी आज ह्या पंगतीला बसला आस्ता." तू भाताचं पातेलं धरून उभी होतीस. मी दारात, मास्क लावून. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, काहीतरी बोलशील. तू पातेलं खाली ठेवलंस आणि आतल्या खोलीत गेलीस. मी न जेवता निघाले, तर लोकांना वाटलं बाळासाठी निघाली.

दाजी सांगतात की तू म्हणतेस, "मीच मारलं तात्यांना." आणि असंही म्हणतेस की वैशूलाही तसंच वाटतं, फक्त ती तोंडाने बोलत नाही.

मला तसं वाटत नाही. कधीच वाटलं नाही. का नाही, ते सांगायचं तर तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायला मला महिना लागला.

जानेवारीत तुझा फोन आला तेव्हा तू किती खुशीत होतीस. तात्यांची पंचाहत्तरी. कोपरखैरण्याचा हॉल, मार्केटमधली सगळी जुनी माणसं, गावाकडून एक गाडी. मी म्हटलं, "ताई, आत्ता नको. दवाखान्यात नुसता फ्लू चाललाय. मिरचीच्या गाळ्यात पोती उचलून तात्यांची छाती आधीच गेलीय. एप्रिलमध्ये कर."

"एप्रिलमध्ये वाढदिवस असतो का?"

"मग घरातल्या घरात कर."

"तात्यांचा? घरातल्या घरात? सगळा जन्म मार्केटात गेला त्यांचा, आणि पंचाहत्तरीला चार भिंती आणि मी?" मग तू चिडलीस. "त्यांना लस टोचून घ्या म्हटलं तर ते म्हणतात कार्यक्रमानंतर बघू. तुला बोलावलं तर तू म्हणतेस गर्दी. तू काय जन्मभर काचेच्या पेटीत ठेवणार आहेस का पोरीला?"

मी फोन ठेवला. तू सहज बोललीस, मला माहीत आहे. पण जन्मल्यावर दवाखान्यात मी तिला खरोखरच काचेच्या पेटीत बघितलं होतं गं. भोकातून हात घालून तिच्या पायाला बोट लावायचे, तेवढीच माझी आईपणाची ड्युटी होती. त्यामुळे मी आले नाही. रुसून आले नाही असं तुला वाटलं. थोडी रुसलेही होते. पण रुसले नसते तरी आले नसते.

दाजींनी हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला. फेटा बांधलेले तात्या फोन उलटा धरून विचारत होते, "वैशू, दिसतोय का मी? आगं, लय माणूस आलंय!" मागे एवढा गलका की मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी हात हलवला, बेसिनचा नळ सोडला आणि भांडी घासत बसले. माझ्या बापाचा एवढा मोठा दिवस मी असा बघितला.

आता ते लिहिते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. मला वाटलं कुरिअर. आतलं दार उघडलं तर जाळीच्या दाराबाहेर तात्या. तुला "मार्केटात चक्कर मारून येतो" म्हणून सांगून निघाले होते ना, तेव्हा ते माझ्याकडे आले होते, ताई. हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या पिशवीत तो फेटा. म्हणाले, "फेटा बघितला नाहीस म्हणून घेऊन आलो. नातीपुढं बांधून दाखवतो."

माझा हात कडीवर होता. आणि ते खोकले. तोंड खांद्यात घालून, एकदाच.

मी हात काढला.

"तात्या, खोकला कधीपासून?"

"काय नाय गं. हार घातलं त्याची धूळ."

"हॉलमधल्या किती जणांना ताप आलाय, माहितेय ना?"

"आलाय दोघा-चौघांना."

"मग तिथंच बसा, तात्या." माझ्या तोंडून हेच शब्द गेले. लिफ्टच्या बाजूला जिना आहे, त्याच्या पायरीकडे मी बोट दाखवलं. "जरा तिथंच बसा. मी तिला दाखवते."

ते बसले. भांडले असते, रागावले असते तर बरं झालं असतं. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू बसले, पेढ्यांचा पुडा मांडीवर. मी अस्मिताला उचलून आणलं आणि हॉलच्या त्या टोकाला, खिडकीपाशी उभी राहिले. ते मान वाकडी करून जाळीतून बघत होते. मधे दार, पॅसेज आणि आमचा अख्खा हॉल.

"कपाळ वेणूचं हाय," ते म्हणाले. आईचं नाव मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं. "डोळं झाकून हाय व्हय?"

"झोपलीय."

"झोपू दे, झोपू दे."

मग त्यांनी पाणी मागितलं. ताई, मी त्यांना सांगितलं, "खाली चार पायऱ्या उतरा." ते उतरले. मी दार उघडून बाटली बाहेर ठेवली, दार लावलं आणि म्हटलं, "आता या." त्यांनी वर येऊन बाटली घेतली. तोंडाला न लावता, वरून पाणी प्यायले. आणि मी आत उभी राहून त्यांच्यादेखत हाताला सॅनिटायझर लावत होते. सवयीने. हात आपोआप चालत होते.

मला रडू आलं, तर तेच मला समजवायला लागले. "येडी का तू? बरं करतीयस. माझी आई आसंच करायची, देवीची साथ आली की पावण्याला वेशीवरनंच परत लावायची. घट्ट राहा."

आणि मग जे म्हणाले ते तुझं आहे, ताई. माझ्याकडे ठेवून घेतलं होतं, आज देतेय.

म्हणाले, "उज्वलाला काय बोलू नगंस. तुझी आई गेल्यापास्नं मी पयल्यांदा पोट भरून हसलो बघ. आपण गाळा सोडला तरी इतकी माणसं आपल्याला विसरली न्हाईत, हे मला कुठं ठावं हुतं? पोरीनं दाखवलं."

मी म्हटलं, "पण तात्या, जपायचं ना. खोकणाऱ्यांपासून लांब बसायचं."

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "सिताराम हुता शेजारी. त्याला ताप हुता, हात लागला तवाच कळलं मला. वाटलं, उठून दुसरीकडं बसावं. पर चाळीस वर्सं त्यानं माझ्या पाठीवर पोतं चढवलंय, वैशू. त्याला लांब बस म्हनू कसा? बसलो तसाच. त्यानं घास भरवला, खाल्ला."

त्यांना माहीत होतं, ताई. तुझ्या हॉलने त्यांना फसवलं नाही, तुझ्या गर्दीने नाही. कोण आजारी आहे हे कळूनही ते स्वतःच्या मनाने तिथे बसून राहिले. हे सिताराम काकांना कधी कळू देऊ नकोस. ते बरे होऊन फिरताहेत, फिरू देत.

आता तुला समजेल मी महिनाभर का गप्प होते. तात्यांना त्यांच्या दोस्ताला लांब बस म्हणता आलं नाही. मला माझ्या बापाला म्हणता आलं.

पेढ्यांचा पुडा ते पायरीवर ठेवून गेले. "दोन दिस उन्हात ठेव, मग खा," असं म्हणाले. फेटा परत घेऊन गेले. मी खिडकीतून बघत होते, गेटवर वॉचमनशी काहीतरी बोलले, हसले, आणि मेट्रोच्या बाजूला वळले. त्या संध्याकाळी तुझा फोन आला की तात्यांना थंडी वाजून ताप भरलाय.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वाशीच्या हॉस्पिटलात तूच होतीस. तू त्यांचे पाय चोळलेस, तू त्यांना पेज भरवलीस, डॉक्टरांनी "न्यूमोनिया" म्हटलं तेव्हा खुर्चीला धरून तूच उभी राहिलीस. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, "मी जाऊ का?" ते म्हणाले, "निर्णय तुमचा. पण बाळ अंगावर पितंय." बस, एवढंच म्हणाले. मी गेले नाही. तू त्यांच्या कानाला फोन लावलास तेव्हा मास्कमधून त्यांनी मला विचारलं, "दूध पिती का?" मी म्हटलं, "पिते." म्हणाले, "झालं तर मग." आमचं शेवटचं बोलणं ते.

स्मशानातही मी लांब उभी होते. कुणी म्हणालं, शिकलेल्या मुलीचं काळीज दगडाचं असतं. म्हणू दे.

ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस भांडण चाललंय. होळीला क्लबहाऊसमध्ये सगळ्यांनी जमायचं की साथ आहे तोवर रद्द करायचं. एकाने लिहिलं, "बी विंगमधल्या मॅडमच्या वडिलांचं बघा, मग ठरवा." त्यावर लोकांनी अंगठे टाकले. मग सेक्रेटरींनी मलाच विचारलं, "मॅडम, तुमचं मत?" मी तीनदा लिहायला घेतलं, तीनदा पुसलं. लहान बाळ, म्हातारं माणूस घरात असेल तर जाऊ नका, हेच खरं. उद्या पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा दार लावीन. अस्मिता आज पंख्याकडे बघून हसतेय ती त्यामुळेच, असंही असेल. पण पायरीवर बसलेला माणूस कोण होता ते त्या ग्रुपवर कसं लिहू? आणि माझ्या बापाला त्या हॉलमध्ये जे मिळालं ते मी घरात बसवून त्यांना देऊ शकले असते का, ते कुणाला विचारू?

सगळे म्हणतात मी बरोबर ठरले. आत्या म्हणते, सोसायटी म्हणते. तू पण म्हणतेस, स्वतःला दोष देऊन. या बरोबर असण्याचं मी काय करू, ताई? हे मला नको आहे. तुझ्याकडे त्यांचा तो हसरा दिवस आहे, फोटो आहेत, त्यांच्या उशापाशी बसलेले आठ-दहा दिवस आहेत. माझ्याकडे त्यांना दिलेली पाण्याची बाटली आहे.

मंगळवारी विश्वजितला सुट्टी आहे, तो अस्मिताला बघेल. मी दूध काढून ठेवते आणि दुपारी तुझ्याकडे येते. स्वयंपाक करू नकोस. बोलली नाहीस तरी चालेल. मला फक्त तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं आहे. मी अजून रडले नाहीये नीट. घरात सगळे सांगतात रडू नकोस, दूध आटेल. म्हणून दाबून ठेवलंय, आता धरवत नाही.

आई गेली तेव्हा आपल्याला तात्या होते. आता मला माहेर म्हणून तू एकटीच उरलीस. तू तोंड फिरवलंस तर मी जाऊ कुठे?

तुझीच,
वैशू