वारूळवाडीच्या स्वयंपाकघरातलं बीजगणित

बाई, आज ओडिशाहून आलेली एक मुलगी माझ्यापुढे बसून तणतणत होती, "मी तिकडे गणितात पास झालेय, मग इथे परत कशाला?" तिला उद्या परत बोलावलंय. बाहेरच्या राज्यांतून कॉलेज बदलून आलेल्या मुलांना मी इथे बंगळुरात गणित शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यानंतरचं आहे हे. पण तिचं ऐकता ऐकता मी तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

माझं लग्न ठरलं तेव्हा बीएस्सीची दोन वर्षं झाली होती. नवरा बंगळुरात नोकरीला, म्हणून तिसरं वर्ष तिथल्या विद्यापीठात करायचं होतं. तिथून फोनवर सांगितलं, तुमचं रेषीय बीजगणित झालेलं नाही, आधी त्याची परीक्षा पास व्हा, नाहीतर पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. सासरी म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून कशाला, राहू दे की शिक्षण. मी घोडेगावहून एसटीनं नारायणगावला आले आणि तिथून चालत वारूळवाडीला, तुमच्या दारात. शाळेत गणित तुम्हीच शिकवलेलं, आता निवृत्त होऊन घरी होतात. सगळं सांगून मी रडत म्हणाले, "बाई, दोन वर्षं पास झालेय मी. हा अन्याय नाही का?" तुम्ही वाटाण्याच्या शेंगा सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "पास झालीस गं. पन हे येतंय का?" मी पिशवीतून रेषीय बीजगणिताचं पुस्तक काढून तुमच्यापुढे ठेवलं. मग तुम्ही हात पुसून पुस्तक चाळलंत आणि हसायलाच लागलात. "मला बी न्हाई येत. आमच्या येळंला हे नव्हतंच. आता दोघी शिकू."

आणि खरंच शिकलो. मी यायचे तेव्हा तुम्ही धडा आधीच वाचून ठेवलेला असायचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून हातात भिंग. एकीकडे गॅसवर वांग्याची भाजी, एकीकडे मॅट्रिक्स. एकदा तुमचं उत्तर चुकलं आणि मी भीत भीत दाखवलं. तुम्ही केवढ्यानं ओरडलात, "अगं, माझी चूक सापडली तुला! म्हंजे यायला लागलं की!" त्या आनंदात भाजी लागली करपायला. तीच भाजी आपण दोघींनी भाकरीबरोबर खाल्ली, आणि तुम्ही म्हणालात, लई झ्याक झालीया.

परीक्षेचा निकाल लागला तेव्हा बंगळुरातून पहिला फोन तुम्हाला केला. "बाई, पास झाले." पलीकडून तुम्ही म्हणालात, "मी बी झाले म्हन की!"

हे पत्र कुठे टाकायचं, ते मला माहीत नाही. घडी करून खणात ठेवीन. एक सांगायचं राहिलंय. शेवटचे दोन धडे मला घरी वाचूनच कळले होते. तरी "बाई, नाही समजलं" म्हणत मी एसटी पकडून येत राहिले. गाव सोडायच्या आधी तेवढंच तुमच्याजवळ बसणं होत होतं.