पंचविसावी बाटली

२ सप्टेंबर, सकाळी
आजपासून ही वही. कुणालाही दाखवायची नाही, ह्यांना तर नाहीच. विषय एकच : माझं पंचविसावं रक्तदान. अठ्ठावीस नोव्हेंबरला मला पासष्ट पूर्ण होतील. त्यानंतर रक्तपेढी माझं रक्त घेणार नाही, नियमच आहे. चोवीस झालीत. पंचवीस झाली की हॉलमधल्या लाकडी पाटीवर नाव लागतं. पांढऱ्या रंगात, कायमचं.

पहिली बाटली एकोणिसाव्या वर्षी दिली, बाबांच्या ऑपरेशनला. तेव्हा खरोखरच काचेची बाटली असायची. माझा ग्रुप बी आणि बाबांचा ए, म्हणून माझी बाटली ठेवून घेतली आणि त्यांना दुसऱ्याची चढवली. शुद्धीवर आल्यावर बाबा वॉर्डभर सांगत सुटले की पोरीचं रक्त आहे अंगात, आता मला गणित येणार. मी कधी खरं सांगितलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं जगले. गणित शेवटपर्यंत आलं नाही.

विहीणबाईंचीही चोवीस झालीत. (विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई.) पण मी हे त्यांच्यासाठी करत नाहीये.

२ सप्टेंबर, दुपारी
नापास.

रक्तपेढीतल्या चष्मेवालीने बोटाला सुई टोचली, थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब बुडाला तर पास, तरंगला तर नापास. जगात सगळीकडे तरंगणाऱ्याचं कौतुक होतं, इथे उलटं. माझा थेंब मध्येच थांबला, विचार केला आणि वर आला. मग तिने मशीनवर बघितलं : ११.९. साडेबारा लागतं. चष्मेवाली म्हणाली, काकू, डॉक्टरांना दाखवून घ्या हं एकदा. हसून म्हणाली. हसण्यासारखं काय होतं?

बाहेर पडताना पाहिलं, रजिस्टरमध्ये माझ्या वरच्याच ओळीवर विहीणबाईंचा फोन नंबर. योगायोग असेल.

४ सप्टेंबर
माळ्यावरून शाळेची बायोलॉजीची वही काढली. प्लॅस्टिकचं कव्हर अजून शाबूत आहे. पहिल्या पानावर आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची लाल सही आणि 'नीट' असा शेरा. सिस्टर फळ्यावर लाल पेशी काढायच्या : गोल, मध्ये दाबलेली, जणू कुणी उशीवर नुकतंच डोकं ठेवून उठलंय. मुलींनो, या पेशीला केंद्रक नसतं, म्हणायच्या. सगळी जागा दुसऱ्यासाठी रिकामी केलेली असते. मागच्या बाकावर माझी मैत्रीण कुजबुजायची, आमच्या आईसारखी. तिला शिक्षा व्हायची. मला हसल्याबद्दल व्हायची.

उजळणी : रक्तात निम्म्याहून जास्त पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा. त्यात तरंगतात लाल पेशी (ऑक्सिजनची ने-आण), पांढऱ्या पेशी (थोड्या, पण मारामारीला पुढे) आणि प्लेटलेट्स, म्हणजे मोठ्या पेशींचे तुकडे. कुठे गळती लागली की धावत जाऊन बूच मारतात. लाल पेशी तयार होतात हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत : कमरेचं हाड, छातीचं हाड, बरगड्या. सेकंदाला सुमारे वीस लाख!

वीस लाख. आणि तरी ११.९? कारखाना जोरात चालू असताना माल कमी भरत असेल तर चोरी असते, हे शेंबडं पोरही सांगेल.

५ सप्टेंबर
उपाय सापडला. वहीतच आहे. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड मगजाला निरोप पाठवतं : लाल पेशी वाढवा. म्हणजे मुद्दाम धाप लागली पाहिजे. आम्ही चौथ्या मजल्यावर. आजपासून लिफ्ट बंद. दिवसातून तीन वेळा खाली-वर.

हे म्हणाले, मग लिफ्ट काय आता मी एकट्यानेच चालवू का? दुर्लक्ष केलं.

६ सप्टेंबर
गुडघा.

गोळी घेतली. ही गोष्ट ह्यांना माहीत नाही. गेल्या वर्षी विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून गेले होते की आमच्या शाळेत पीटी कडक होती, मला नाही असलं काही होत. बोललेला शब्द पाळायला हवा. म्हणून गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवते. सकाळी एक, चहाबरोबर. संध्याकाळी एक. तीन-चार महिने चालू आहेत, काही त्रास नाही.

१० सप्टेंबर
डॉक्टरांकडे. हे बरोबर आलेच. डॉक्टर म्हणाले, दुखण्याची वगैरे एखादी गोळी घेता का? हे शेजारच्या खुर्चीत. मी म्हणाले, छे! हे म्हणाले, हिला डोकेदुखीही होत नाही हो, ती मला होते. दोघे हसले. पुरुष एकत्र आले की लगेच हसतात.

लोहाच्या गोळ्या दिल्या. चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही, म्हणाले. 'नंबर टू' काळी होईल, घाबरू नका. (शब्द त्यांनी वेगळा वापरला. आमच्या शाळेत नंबर टूच म्हणत.) आणि पोटाच्या तपासण्यांची ही लांबलचक यादी! लॅब खालच्याच मजल्यावर. जिन्यातला बाण थेट त्यांच्या दारातून निघतो. मला काय कळत नाही?

यादी पर्समध्ये आहे. तिथेच राहील.

१४ सप्टेंबर
नंबर टू काळी. म्हणजे गोळी लागू पडतेय. छान.

१७ सप्टेंबर
विहीणबाई आल्या होत्या. पिशवीभर बीट घेऊन. म्हणाल्या, विहीणबाई, घ्या हो, रक्त वाढतं म्हणतात. मी म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं माझं रक्त कमी आहे म्हणून? त्या म्हणाल्या, अगं बाई, कुणी म्हणजे, असंच. आणि चहाकडे बघत राहिल्या.

घरात फितुरी आहे. हे किंवा लेक. माझा संशय ह्यांच्यावर. गेले चार दिवस गॅलरीत जाऊन फोन करतात.

जाताना त्या म्हणाल्या, चेहरा किती उजळलाय हो तुमचा. जिने लागू पडताहेत. पण त्या म्हणाल्या म्हणजे काहीतरी असणारच. आरशात पाहिलं. उजळलाय खरा. ओठसुद्धा.

२१ सप्टेंबर
लोहाच्या गोळीची नवी स्ट्रिप आणली. मागच्या वेळी कागद हिरवा होता, या वेळी निळसर. केमिस्टला विचारलं. म्हणाला, आजी, तीच आहे. पाच वर्षांपूर्वी ताई म्हणायचा. अशा माणसाच्या गोळ्या खायच्या?

सगळ्या गुलाबाच्या कुंडीत पुरल्या. चहाशी भांडण मिटलं. आता फक्त बीट, जिने आणि निश्चय.

२९ सप्टेंबर
गुलाबाला चार कळ्या. हे म्हणाले, काय खत घातलंस? योगायोग.

३ ऑक्टोबर
रक्तपेढीत नुसतं तपासून घेतलं : १०.४. उतरलं!

चष्मेवालीला विचारलं की तुमच्या निळ्या पाण्याची एक्सपायरी कधी? तिने बाटलीवरची तारीख दाखवली. मग मी दुसरा मुद्दा काढला. माझ्या एका पिशवीचे तुम्ही तीन भाग करता : लाल पेशी वेगळ्या, प्लेटलेट्स वेगळ्या, प्लाझ्मा वेगळा. तीन पेशंट. म्हणजे माझी चोवीस त्रिक बहात्तर होत नाहीत का? तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, होतात ना काकू. मग तुमच्या विहीणबाईंचीही बहात्तरच.

माझ्या विहीणबाई आहेत हे हिला काय ठाऊक?

१२ ऑक्टोबर
जिने चार वेळा केले. तिसऱ्या मजल्यावर बसावं लागतं. छाती धडधडते, कानात शिट्टी वाजते. म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय, म्हणजे निरोप जातोय. सिस्टर असत्या तर 'नीट' म्हणाल्या असत्या.

गुडघ्याच्या गोळ्या दिवसाला तीन.

१९ ऑक्टोबर
नंबर टू अजून काळी. गोळ्या थांबवून महिना होत आला, तरी असर आहे. म्हणजे औषध जालीम होतं. उगाच केमिस्टला बोलले. पण माफी मागणार नाही, आजी म्हणाला.

२६ ऑक्टोबर
लेक अचानक आली. माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं दाबून बघितली. आई, तू पांढरीफटक दिसतेस, म्हणाली. सासूबाईही म्हणत होत्या. मी म्हणाले, तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या उजळ. ती म्हणाली, अगं त्यांनी तुझं मन राखलं! त्यांनीच बाबांना रोज फोन करून डोकं खाल्लंय, हिला डॉक्टरकडे न्या म्हणून.

रोज फोन! म्हणजे गॅलरीतले ते फोन विहीणबाईंचे. कट आहे हा. मला डॉक्टरकडे अडकवायचं, तपासण्यांत नोव्हेंबर घालवायचा, आणि विहीणबाईंची पासष्टी जानेवारीत. पाटीवर एकच नाव.

लेकीला सांगितलं, एकोणीस नोव्हेंबरला पंचविसावी बाटली देते, मग म्हणशील तिथे येईन. ती रडकुंडीला आली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी रडायची तशीच. तेव्हा मी तिचा हात धरायचे. आज तिने माझा धरला आणि मी सोडवून घेतला, कारण बर्फासारखा गार होता. माझा.

४ नोव्हेंबर
मधली तपासणी करणार नाही. प्रत्येक वेळी नळीभर रक्त काढतात, परत कुणी देत नाही.

११ नोव्हेंबर
पोटात जळजळ. बीट. विहीणबाईंचं बीट! मला आधीच कळायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर
उद्या. निळी साडी काढून ठेवली, बाही सैल असलेली. पाटीवर नाव कसं लिहायचं ते कागदावर तयार केलं, म्हणजे रंगाऱ्याकडून चूक नको. आज जिने दोनदाच. शक्ती राखून ठेवावी.

१९ नोव्हेंबर
(हे २१ तारखेला, हॉस्पिटलमध्ये लिहिते आहे. वही ह्यांनी आणून दिली. वाचली नाही म्हणाले. डोळे लाल होते.)

थेंब बुडाला तर नाहीच. निळ्या पाण्यावर नुसता फिरत राहिला. चष्मेवालीने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हसली नाही. काकू, तुम्ही इथेच बसा, उठू नका, म्हणाली. मी उठले. मला तिला सांगायचं होतं की सुई नीट पुसली नव्हती. नंतर पाटीवरची सगळी पांढरी नावं एकदम खाली आली.

६.८.

२० नोव्हेंबरचं, आठवेल तसं
इथले डॉक्टर तरुण आहेत, आईशी बोलावं तसं बोलतात. विचारलं, काळं कधीपासून होतंय? मी म्हणाले, लोहाच्या गोळ्यांमुळे. त्या कधी थांबवल्या? सप्टेंबरात. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मग दोन महिने काळं कशामुळे होत होतं, काकू?

मी छताकडे पाहिलं.

तेवढ्यात लेक घरून माझे कपडे घेऊन आली. हातात बटणांचा डबा. आई, यात बटणं कुठायत? अकरा रिकाम्या स्ट्रिपा. हे काही बोलले नाहीत. चाळीस वर्षांत हे असे गप्प बसलेले मी पाहिले नव्हते. ते गप्प बसले की भीती वाटते, हेही मला माहीत नव्हतं.

पोटात नळी घालून पाहिलं. दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात जखम झालीय, तिथून थेंब थेंब गळत होतं. चिमटा लावून बंद केली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर. वाक्य पुरं केलं नाही, लेक समोर होती. कारखाना ठीक आहे म्हणे. जोरात चालू होता बिचारा. मीच खालून नळ सोडून ठेवला होता, आणि जिने चढून त्याला निरोप धाडत होते.

चोर सापडला. कुणाला कळवणार?

२२ नोव्हेंबर, सकाळी
काल एक पिशवी चढली, आज दुसरी. रक्त चढवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. चष्मेवाली स्वतः वरती येऊन सांगून गेली, पाटीबद्दल मी विचारायच्या आत. पाठीवरून हात फिरवून गेली.

वापरलेल्या दोन पिशव्यांच्या बदल्यात रक्तपेढीला नातेवाइकांनी दोन द्यायच्या असतात. एक जावयांनी दिली. दुसरी विहीणबाईंनी, एकोणीस तारखेलाच, मी आत असताना बाहेर त्यांचा धीर सुटत होता म्हणून. त्यांची पंचविसावी. नवा गुडघा घेऊन, काठी टेकत गेल्या म्हणे. बी पॉझिटिव्ह. हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, दुपारी
विहीणबाई आल्या. पाटीचा विषय काढतील म्हणून मी तयार होते. त्यांनी काढलाच नाही. स्टुलावर बसल्या, काठी खाली पडली, ती उचलायला मला वाकता येईना आणि त्यांनाही. दोघी काठीकडे बघत बसलो. मग म्हणाल्या, विहीणबाई, घाबरवलंत हो. माझ्याशी भांडायला दुसरं कोण आहे?

मी थँक यू म्हणाले. आमच्या शाळेत चोवीस तासांच्या आत म्हणायची सवय होती. 

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
नर्सला विचारलं, आजची ही दुसरी पिशवी कुणाची? ती म्हणाली, असं सांगत नाहीत, आजी, नुसता नंबर असतो. मी नंबर पाहिला. काही कळलं नाही. पण तारखा जमतात, ग्रुप जमतो.

हिशोब केला. लाल पेशी जगते एकशेवीस दिवस. म्हणजे मार्च सरता सरता या अंगात परकं काही उरणार नाही. सगळं माझं, माझ्या मगजातलं. जरा बरं वाटलं.

मग पुढची ओळ आठवली. पेशी मेली तरी शरीर तिच्यातलं लोह टाकून देत नाही. जपून ठेवतं आणि त्याच लोहाच्या नव्या पेशी करतं. पुन्हा मेल्या, पुन्हा तेच लोह. शेवटपर्यंत. म्हणजे परत करता यायचं नाही.

ही गोष्ट विहीणबाईंना ठाऊक नसावी. त्या शाळेत सायन्सला नव्हत्या, असं मला वाटतं. चौकशी करायला हवी.