कॅमेऱ्यातल्या आवाजाबाबत

मी, एकतीस वर्षं लिफ्ट तपासनीस म्हणून नोकरी केलेला, वय त्रेसष्ट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. प्रत एकच. साक्षीदार शिंपीबुवा म्हणाले, "फोटो काढून ठेवतो." मी म्हटलं, "खिशात ठेवा तो फोन."

१. तिसऱ्या मजल्यावरचं राहतं घर माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिने आल्याआल्या कुलूप बदलावं. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, देव जाणे.

२. हत्यारांची पेटी जावयाला. कारण लिहिणं भाग आहे. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा मला कामावरून ती दिसावी म्हणून त्याने खोलीत कॅमेरा बसवला. महिन्याभरात ती म्हणू लागली, "अहो, खोलीत कोणीतरी बोलतंय. माझ्याशी." मी डॉक्टरांना सांगून गोळ्या वाढवून घेतल्या. एका दुपारी लवकर घरी आलो, तर कॅमेऱ्यातून परका पुरुष तिला विचारत होता, "आजी, आज पांघरूण नाही घेतलं?"

मी जावयावरच संशय घेतला. त्याला उंबरा चढू दिला नाही. शेवटी त्यानेच छडा लावला: कंपनीने विकलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड एकच होता. कोणीही इंटरनेटवरून आत शिरावं! माफी मागायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून ही पेटी.

३. कंपनीने कळवलं, "पासवर्ड बदलणं ही ग्राहकाची जबाबदारी." अरे, दोर तपासून मगच लिफ्टमध्ये पाय ठेवा, असं आम्ही कधी माणसांना सांगितलं का? दाखला नसेल तर मी लिफ्टला सील ठोकत असे, मालक कितीही बडा असो. इंटरनेटवरच्या सेवांनाही किमान सुरक्षेचा नियम लागू व्हावा, यासाठी ग्राहक संघटनेने दावा लावला आहे. माझ्या ठेवीतली निम्मी रक्कम त्या दाव्याला, उरलेली मुलीला. संघटनेने कंपनीशी गुपचूप तडजोड केली, तर दाव्याची ती निम्मी रक्कमही मुलीलाच. वकिलांचा भरवसा मी देत नाही.

४. धाकट्या भावाला काही नाही. "वहिनी भ्रमिष्ट झाली," असं तो चारचौघांत बोलला. मी तेव्हा गप्प बसलो, हेही इथे नोंदवतो.

५. डॉक्टरांकडच्या तिच्या फायलीत 'भास होतात' असं माझ्या सांगण्यावरून लिहिलं गेलं. ती गेली तरी ते तसंच आहे. मुलीने त्या पानावर माझ्या सहीचा हा मजकूर चिकटवून घ्यावा: "तिला भास होत नव्हते. ती खरं सांगत होती. मी ऐकलं नाही."

लिहून देणार: तिचा नवरा (सही)
साक्षीदार: तळमजल्यावरचे शिंपीबुवा (सही), दवाखान्यातले कंपाउंडर (सही)
स्थळ: तिची खोली. सोमवार, तारीख नऊ, दुपारी.