वॉकओव्हरचं पदक

९ नोव्हेंबर, रविवार

सुवर्णपदक मिळालं. कुस्ती न खेळता!

जिल्ह्याची फायनल, पन्नास किलो. मी लाल पोशाखात मॅटवर उभी आणि समोर कोणीच नाही. पंचांनी चंचलचं नाव तीनदा पुकारलं, मग माझा हात वर केला — वॉकओव्हर. गेल्या वर्षी हिनंच मला सगळ्यांसमोर चीत केलं होतं. वर्षभर लिंबायतहून पहाटे सायकल हाणत तालमीला गेले ती हिची पाठ टेकवायला. आणि ही कोसाडला घरात दडून बसली. भित्री कुठली.

बाबांनी गल्लीत पेढे वाटले. धर्मेंद्रनं पदक हातात तोलून पाहिलं — "आ तो फोकटनुं छे." सख्खा भाऊ आहे म्हणून सोडला.

१० नोव्हेंबर, सोमवार

शेजारच्या प्रमिलाबाई: "मग, फायनलला कोणाला पाडलं?" आईनं घाईघाईनं चहाचं विचारलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तालमीत योगराज सरांना विचारलं, हा मेला वॉकओव्हर शब्द आला कुठून? म्हणाले, इंग्लंडातल्या घोड्यांच्या शर्यतीतून. बाकीचे घोडे आलेच नाहीत तरी हजर असलेल्याला सगळं मैदान पार करावंच लागे, त्याशिवाय बक्षीस नाही. पण मागे कोणी नसताना धावायचं कशाला? चालत जायचा.

म्हणजे घोड्यानं निदान पाय तरी हलवले. मी नुसती उभी होते.

"आणि न आलेले घोडे, सर?"

"त्यांना कोण विचारतं? बावीसला वडोदऱ्याला राज्य स्पर्धा आहे. तिथं लढ आणि हे विसर."

लढणारच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चंचलला मेसेज टाकला — घाबरलीस ना? तिनं वाचला. उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आलं उत्तर. "त्या दिवशी मला बघायला आले होते. लग्न ठरलं. कुस्ती बंद."

बहाणे! बघायला आले म्हणून कोणी फायनल सोडतं? मी असते तर खिडकीतून उडी टाकून गेले असते. तसंच लिहून पाठवलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बॅग भरत होते. आई साडीला टिकल्या लावत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "शनवारले पाव्हना येई ऱ्हायनात. कोठेच जावानं नही."

मी बाबांकडे पाहिलं. कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून सांगितलं — शनिवारी वडोदरा आहे, बाबा! ऐकू गेलं त्यांना. "पोऱ्या बँकमा शे," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पेढे वाटणारा माणूस हाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अकराच्या सुमारास वडोदऱ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला असेल. इकडे खिडकी उघडीच होती. आईनं हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले.